शब्दचर्चा : गिलावा, लिंपण, सारवण, पोतारा

भाषांतरकार : पारंपरिक साहित्य वापरून केलेल्या अंतर्गत सजावटीवरच्या मजकुरात मातीच्या भिंतीवरच्या प्रत्येक थराला सरसकट 'प्लास्टर' म्हटलंय. मराठीत गिलावा, लिंपण, सारवण, पोतारा हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

गवंडीकाम : अजिबात नाही. 'शेणाचा गिलावा' असं लिहून दिलंत तर गवंडी बोटभर थर चढवेल आणि वाळताना त्याचे पोपडे निघतील. गिलावा म्हणजे भरीव थर. थापीने मारायचा, रंध्याने सारखा करायचा. चुन्याचा असेल तर एका हाताला ८ ते १० मिमी पुरे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. जाड थराच्या पोटात हवा पोचत नाही, मग वरून कडक आणि आत भुसभुशीत. शिवाय हे व्हायला ओल लागते, म्हणून काही दिवस पाणी शिंपडत राहायचं.

लिंपणं वेगळं. कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे काठ्यांची भिंत, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपतात, तेव्हा माती काठ्यांच्या फटींत दाबून बसवायची असते. तिथे थापीपेक्षा तळहात बरा.

कोशवाला : गंमत म्हणजे फार्सीत 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. गिलावा मुळात चिखलाचाच! 'मातीचा गिलावा' म्हणायला कुणी बिचकू नये.

भाषांतरकार : आणि सारवण-पोतारा?

गवंडीकाम : दोन्ही पातळ. सारवण मुख्यतः जमिनीचं, अंगणाचं. पोतारतात ती भिंत आणि चूल. पोतेऱ्याने, म्हणजे चिंधीने, शेणकाला, पांढरी माती किंवा चुना फासायचा. (एखाद्याचं 'पोतेरं करणं' आलं ते याच चिंधीवरून.) सारवताना जमीन आधी पाण्याने शिंपून घ्या. कोरडी जमीन काल्यातलं पाणी लगेच ओढते, थर धरत नाही आणि दोन दिवसांत खपल्या निघतात. शेण ताजं हवं, सोबत थोडी चाळलेली माती. आतल्या कोपऱ्यापासून सुरू करून दाराकडे मागे सरकत यायचं. मोरीजवळ सारवण टिकत नाही, तिथे फरशीच घालावी.

मातीवाला : माती कुठली तेही लिहा, नाहीतर वाचक शेतातली काळी उचलून आणेल. ती ओल लागली की फुगते, वाळली की आक्रसते. भिंतीवर तडेच तडे. वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणतात, आणि जुन्या भिंतींना माती पांढरीतलीच. गिलाव्यासाठी माती आणि वाळू १:१, १:२, १:३ अशा प्रमाणात कालवून भिंतीवर हातभर ठिगळं लावा, पूर्ण वाळू द्या. तडे गेले तर चिकणमाती जास्त, हात फिरवल्यावर भुकटी आली तर वाळू जास्त. बोटाच्या दोन पेरांएवढा चिरलेला पेंढा घालून चिखल आठवडाभर मुरू द्यावा. घाईत नेमकं हेच टाळलं जातं.

कोशवाला : 'लिंपण आर्ट'चं काय करायचं? दुकानात मिळते ती एमडीएफची पाटी, आरसे आणि गोंदात कालवलेली भुकटी.

गवंडीकाम : मूळ लिंपणकाम कच्छमधलं, भुंग्यांच्या, म्हणजे तिथल्या गोल मातीच्या घरांच्या, भिंतींवर माती-शेणाच्या वळ्या आणि आभले (आरशांचे तुकडे). ते भिंतीचाच भाग असतं, काढून दुसरीकडे टांगता येत नाही. पाटीला सरळ 'लिंपणफलक' म्हणा. 'पारंपरिक लिंपण' म्हणणं मला पटत नाही.

भाषांतरकार : मजकुरात एके ठिकाणी मातीच्या भिंतीवर सिमेंटचा हात द्यायला सांगितलंय.

मातीवाला : भाषांतर बरोबर, सल्ला चुकीचा. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर येऊ देत नाही. ओल आणि क्षार मागे साचतात, लोणा लागतो आणि सिमेंटचा पापुद्रा मातीसकट सुटतो. प्लॅस्टिक रंगाचंही तेच. तिथे टीप द्याच.

भाषांतरकार : मग कामाच्या पत्रकाचा नमुना असा लिहितो : 'मातीचा गिलावा, दोन हात, एकूण १५ मिमी, पहिला हात पूर्ण वाळल्यावर, भिंत भिजवून दुसरा. वर शेणमातीचा पोतारा, एक हात.'

गवंडीकाम : पहिला हात खरवडून खडबडीत ठेवायचा, तेवढं जोडा. गुळगुळीत राहिला तर दुसरा धरत नाही.