खिशातली चिठ्ठी: मानसोपचाराला जावं की नाही?

स्लोवाला (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. वय ४३, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. प्रश्न साधाच आहे, पण टाकायला तीन महिने लागले.

गणपतीनंतरची गोष्ट. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये होतो. डोंबिवली सुटली आणि पाचेक मिनिटांत छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, शर्ट घामाने ओला. आपण आता इथेच जाणार, अशी खात्रीच पटली. ठाण्याला लोकांनी धरून उतरवलं. ईसीजी झाला, मग टू-डी इको, ट्रेडमिल, थायरॉईड, बी-१२. सगळं नॉर्मल. त्यानंतर असंच आणखी चारदा झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलंय," आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणून चिठ्ठी लिहून दिली. ती पाकिटात पासच्या मागे आहे. घडीवरची शाई आता फिसकटली.

तेव्हापासून मी स्लोने जातो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, कुठेही उतरता येतं म्हणून. त्यासाठी घरातून पाऊण तास आधी निघतो. बायकोला सांगितलंय की स्लोला गर्दी कमी असते.

गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात, ते खरं का? नुसतं बोलून काय होतं? ऑफिसात कळलं तर? आणि मुख्य म्हणजे, मी तिथे जाण्याइतका आजारी आहे का? बाकी सगळं व्यवस्थित चाललंय हो. हप्ते वेळेवर जातात, मुलीचा अभ्यास घेतो.

आप्पा_वाईकर

पहाटे उठून चार किलोमीटर चालायचं, अनुलोम-विलोम करायचा. आमच्या वेळी नव्हते हे डोक्याचे डॉक्टर, तरी जगलोच ना.

स्लोवाला

आप्पा, दोन्ही चालू आहे. झोप छान लागते. गाडीत काही उपयोग नाही.

नाशिकची_वंदना

दादा, तुमची स्लो म्हणजे माझा कसारा घाट. एसटीत घाटातच मला पहिल्यांदा असं झालं. मग मी मुंबईला जाणं सोडलं, मग शाळेची सहल टाळली, मग थिएटरात कडेची खुर्ची मिळाली तरच सिनेमा. मावशीच्या तेराव्याला गेले नाही तेव्हा माझं मलाच कळलं की हे आता फार झालं. आजारी आहे की नाही, हा प्रश्न मी तेव्हा बाजूला ठेवला. यापायी काय काय सोडलं, ते मोजलं.

आधी ज्यांच्याकडे गेले त्यांनी पाऊण तास "सकारात्मक विचार करा" सांगितलं आणि फी घेतली. तिथे परत गेले नाही. दुसऱ्या बाई मात्र कामाच्या निघाल्या. त्यांच्याकडे चार महिन्यांत अकरा वेळा गेले. बोलणं असतं, पण गप्पा नसतात. वहीत रकाने आखून दिले होते: कुठे होतात, शरीरात काय झालं, मनात काय आलं, प्रत्यक्षात काय घडलं. तिसऱ्या रकान्यात दरवेळी "मरणार", चौथ्यात "घरी आले, चहा केला". दोन आठवड्यांनी ते ओळीने वाचताना मलाच हसू आलं.

चौथ्या भेटीत बाईंनी मला फिरत्या खुर्चीवर बसवून मिनिटभर गरगर फिरवलं. मग नाक धरून शहाळ्याच्या नळीतून श्वास घ्यायला लावला. (तुमच्या तपासण्या झाल्यात, पण हे घरी एकट्याने करू नका.) धडधड, मुंग्या, चक्कर, सगळं हुबेहूब तेच आलं. फरक एवढाच की ते मी मुद्दाम आणलं होतं, आणि माझं मीच ते ओसरताना पाहिलं. बाई म्हणाल्या, ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि उतरते. आपण त्याआधीच पळतो, म्हणून ती उतरते हे शरीराला कधी कळतच नाही. पुढे घाट टप्प्याटप्प्याने: आधी इगतपुरीपर्यंत नवऱ्याबरोबर, मग एकटी, मग पूर्ण.

मला गोळ्या लागल्या नाहीत. मैत्रिणीला लागल्या. तिला फरक जाणवायला काही आठवडे गेले, आणि नंतर डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. मनाने सोडायच्या नसतात, एवढंच. घाटात अजूनही पोटात गोळा येतो, पण एसटीतून उतरत नाही.

खिडकी_क्रमांक_३

मी सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला बसतो. हाडांचा विभाग लोक ओरडून विचारतात. मनोविकार विभाग विचारायचा तर काचेला तोंड लावून, "ते... वरच्या मजल्यावरचं." त्या रांगेत मी शिक्षक पाहिलेत, पोलीस पाहिलेत, आमचेच दोन डॉक्टर पाहिलेत. केसपेपर तोच, सगळ्यांना असतो तो.

कामाचं सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, औषध तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, गोळ्या लिहीत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, बिनधास्त विचारा. फोनवरच विचारून घ्या: पॅनिकसाठी (म्हणजे असे अचानक येणारे भीतीचे झटके) सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करता का, साधारण किती भेटी, फी किती. उत्तर द्यायला का-कू केली तर दुसरीकडे जा. ऑफिसचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय कोणी कोणाला सांगू शकत नाही. आणि एकदम जायचं जड जात असेल तर आधी १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आप्पा_वाईकर

वंदनाताई, ते खुर्चीचं काही माहीत नव्हतं. आमच्या हिला लिफ्टमध्ये असंच होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, गुडघे दुखतात तरी जिन्याने चढते. स्वभाव आहे म्हणून सोडून दिलं होतं.

स्लोवाला

सगळ्यांचे आभार. परवा जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन १४४१६ लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलंच विचारलं, "आता बोलायला निवांत जागा आहे ना?" पाण्याच्या टाकीमागे उभा होतो, तरी हो म्हटलं. वीसेक मिनिटं बोललो. काल ठाण्यात वेळ घेतली, गुरुवारी सहाची.

रात्री बायकोला खरं सांगितलं. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे स्लोला गर्दी कमी नसतेच." त्याचाच राग जास्त आला होता तिला. गुरुवारी बरोबर येतेय. फास्टने जाऊ म्हणाली. मी म्हटलं, जाताना स्लोने, येताना बघू.