अनुभव धागा: लहानपणी घरात सोसलेली, बघितलेली मारहाण

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल आहे, १३ राज्यं (महाराष्ट्र, गोवा धरून) आणि १२ हजारांवर मुलं. तीनातल्या दोन मुलांनी सांगितलं की आम्हाला मार बसतो. म्हणजे शाळेत एका बाकावर तिघं बसायचो त्यातली दोघं! आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चौघींत एकीने नवऱ्याचा त्रास सांगितलाय, त्या घरांत मुलंही होतीच ना. तुमच्याकडे काय होतं ते लिहा, नाव नको, गाव नको.

---

बाबांनी मला कधी बोटही लावलं नाही म्हणून मी कित्येक वर्षं म्हणायचे की माझं बालपण छान गेलं. मार आईला बसायचा. दारू वगैरे काही नाही, चांगली नोकरी, सोसायटीत मान, आणि रात्री भाजीत मीठ जास्त झालं एवढंही कारण पुरायचं. शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. सकाळी आई पावडर लावून कामाला. आजही कुणी भांडं जोरात आपटलं की माझे हातपाय गार पडतात.

---

मी मुलगा, आठ-नऊ वर्षांचा, सुट्टीत गावाला, नात्यातलाच एक दादा. जास्त लिहवत नाही. कॉलेजात असताना आईला सांगितलं तर म्हणाली विसरून जा, त्याच्या बहिणीचं लग्न ठरतंय. तुम्ही म्हणताय त्याच अहवालात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलगे अर्ध्याहून थोडे जास्तच आहेत, हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी एकटा नाही.

---

आम्हाला आई मारायची, लाटण्यानं, उलथन्यानं, हाताला येईल त्यानं. तिला सासरी जे मिळायचं ते आमच्यावर निघायचं. आता तिची कीवही येते आणि रागही येतो.

---

आम्ही पण मार खाल्ला, म्हणूनच सुधारलो. आताच्या मुलांना काही म्हणायची सोय नाही.

---

दादा, माझा भाऊही हेच म्हणतो. त्याची मुलगी पाच वर्षांची आहे, तिच्या हातून पाणी सांडलं की ती आधी दोन्ही हात डोक्यावर धरते, मग आपल्याकडे बघते. याला सुधारणं म्हणायचं का?

---

मी शिक्षिका आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून कळवली नाही तर २०१२ च्या पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तो गुन्हा आहे, हे अजून बऱ्याच शिक्षकांना माहीत नसतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर फुकट आहे, २४ तास चालू, आणि मारहाणीसाठीही चालतो. एका विद्यार्थिनीसाठी मी लावला होता, तिला बालकल्याण समितीपुढे नेलं, आता आजीकडे राहते आणि शाळेत रोज येते. कुणाला फोन करायची भीती वाटत असेल तर इथे विचारा, काय काय विचारतात ते सांगते.