तार षड्जाला गळा आवळतो, रियाजात काय बदलू?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. वय ४३, प्राथमिक शाळेत शिक्षिका. लहानपणी चार वर्षं गाणं शिकले, मग सुटलं. आता दोन वर्षं कॉलनीच्या भजनी मंडळात गातेय. मध्य सप्तकात आवाज बरा लागतो. पण अभंग चढायला लागला की निषादावरच (नी) हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा ताठ होतात आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, एक तर उतरतो, नाहीतर किंचाळल्यासारखा लागतो. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. मंडळ काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून गातं. मधे एका क्लासला गेले, तिथे "आवाज मोकळा सोडा, अजून जोर लावा" एवढंच सांगायचे. तीन महिन्यांत बोलतानाही आवाज फाटायला लागला म्हणून सोडून दिलं.

पहाटे अर्धा तास माझा असतो. त्यात काय करू? आषाढीला एक अभंग एकटीने म्हणायचाय आणि तो मला मनापासून चांगला म्हणायचाय.

पेटीवाला
ताई, आधी पट्टी बदला. मी २० वर्षं भजनाला साथ करतोय. मंडळाची पट्टी बहुतेक वेळा ज्याचा गळा सगळ्यात चढा त्याच्या सोयीने ठरते आणि बाकीचे ताणत बसतात. काळी पाचचा तार षड्ज लावताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४६६ वेळा एकमेकांवर येतात. पांढरी पाचला तेच ३९२. जोर लावून गायलात तर इतक्या वेळा ते आपटतात, म्हणून घसा बसतो. पट्टी उतरवण्यात कमीपणा अजिबात नाही. खाली मंद्र पंचम (खालचा प) आणि वर तार गंधार (वरचा ग) विनासायास लागेल, ती तुमची पट्टी. साथीदाराला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी नको.

खर्जातला
पट्टीचं शंभर टक्के पटलं. मी लहान मुलांना आणि तुमच्यासारख्या पुन्हा सुरुवात करणाऱ्यांना शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

उठल्या उठल्या वर चढू नका. पहिली १० मिनिटं खर्जाची, म्हणजे खालच्या सुरांची. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, मध्य षड्जावरून एकेक सूर खाली उतरा, प्रत्येकावर एक अख्खा श्वास थांबा. पंचमाच्या खाली ओढू नका आणि आवाज मुद्दाम जाड करू नका. श्वास घेताना खांदे उचलले जात असतील तर आरशासमोर बसा. फुगायला हव्यात खालच्या बरगड्या आणि पोट. मग आकारात (नुसतं 'आ' म्हणत) साधे पलटे, सारेग, रेगम, गमप, पण पलटे महिनाभर धैवताच्या (ध) वर नाहीत. हे जड जाईल, तरी पाळा.

आता तुमचा निषाद. आठवडाभर फक्त भूप रागात गा. भूपात निषादच नाही, त्यामुळे गळा जिथे आवळायची सवय लागलीय ती जागा वाटेत येतच नाही. धैवतावर थांबा, श्वास घ्या, आवाज निम्मा करा, जबडा सैल सोडा आणि तार षड्ज नुसता टेकवा. बारीक लागला तरी चालेल, सुरात हवा. चढताना आवाज मोठा करायची ओढ होते, गळा तिथेच घट्ट होतो. बारीक षड्ज स्थिर झाला की भरीवपणा मागून येतो. ते झालं की यमन रागाचा नि-सां घ्या.

श्वास पुरत नसेल तर ओळ अर्थाच्या जागी तोडा. क्षयाने कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं, तरी त्यांनी छोट्या छोट्या स्वरसमूहांतून केवढं गाणं उभं केलं!

वाचाउपचार
मी आवाजाच्या रुग्णांसोबत काम करते. अर्ध्या तासाच्या रियाजापेक्षा शाळेतले सहा तास जास्त महत्त्वाचे आहेत. वर्गाच्या दारातून ओरडू नका. टाळी वाजवा, मुलांजवळ जाऊन बोला. खाकरणं सोडा, त्या वेळी पाण्याचा घोट घ्या. घसा बसला की कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. त्यानेही ताण येतो, त्यापेक्षा गप्प राहा.

सोपा व्यायाम: पेल्यात दोन बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि बुडबुडे काढत "ऊ" म्हणत खालून वर, वरून खाली सूर फिरवायचा. तोंडाशी हवा अडल्यामुळे आतून हलका आधार मिळतो आणि स्वरतंतू कमी जोराने जुळतात. दोन-तीन मिनिटं पुरेत, गाण्याआधी आणि शाळेतून आल्यावर. रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा. आम्लपित्त वर आलं की सकाळी आवाज घोगरा येतो.

आणि हे टाळू नका: आवाज तीन-चार आठवडे फाटलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. शिक्षिकांमध्ये गाठी बऱ्याचदा सापडतात. ज्येष्ठमध, खडीसाखर चघळून बरं वाटतं, पण बसलेल्या आवाजाने गायचं नाही.

गवतीचहा
सगळ्यांचे मनापासून आभार. दुर्बिणीने तपासून आले. गाठ नाही, थोडी सूज आहे, दहा दिवस गाणं बंद सांगितलं होतं. ते संपून आठवडा झाला. स्ट्रॉ रोज चालू आहे, लेकीला बुडबुड्यांची गंमत वाटते. काल भूपात षड्ज टेकवला. एवढासा लागला, पण मानेला हात लावून बघितला तर शीर ताठ नव्हती. यमनाकडे अजून गेले नाही. साथीला येणाऱ्या काकांना पांढरी पाच सांगून ठेवलीय.

पेटीवाला
छान! अभंगाचा मुखडा (सुरुवातीची ओळ) पहिल्या वेळी पेटीबरोबर म्हणू नका, नुसत्या तानपुऱ्यावर म्हणून बघा. पेटीचा आवाज मोठा असला की आपण नकळत त्याच्यावर चढतो.