नोकरी, घर आणि कादंबरी : वेळ काढावा तरी कोठून?

प्रश्न
मी नोकरी करते आणि घरी मुले लहान आहेत. कादंबरीचे लेखन सर्वजण झोपल्यावरच शक्य होते, परंतु तोवर डोके शिणलेले असते. सुट्टीच्या दिवशी बसावे, तर घरच्यांचा वेळ हिरावून घेतल्यासारखे वाटते. शिवाय लेखनातून अद्याप मानधन मिळत नसल्यामुळे ‘मला आता लिहायचे आहे’ असे ठामपणे सांगण्याचा संकोच होतो. संसार सांभाळून सातत्याने लिहिणाऱ्यांनी वेळेची आखणी कशी केली?

प्रतिसाद १
पहाटेची वेळ राखून ठेवा. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपालखात्यात नोकरी करत असताना साडेपाचला लिहायला बसत आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. नोकरीतील बरीच वर्षे धरून त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या, त्या या नेमामुळेच.

प्रतिसाद २
उदाहरण खरे आहे, परंतु ट्रोलप यांना रोज पहाटे उठवून कॉफी आणून देणारा पगारी नोकर होता आणि आपल्या यशाचे मोठे श्रेय त्यांनी आत्मचरित्रात त्यालाच दिले आहे, हेही सांगायला हवे. रात्री तापलेल्या मुलाजवळ जागलेल्या आईला पहाटेचा उपदेश करणे सोपे आहे.

माझ्या मते वेळेपेक्षा कामाची विभागणी आधी करावी. नव्या प्रकरणाचा पहिला खर्डा लिहिताना सलग, अखंड वेळ लागतो, कारण पात्रांचे बोलणे मध्येच तुटले की पुन्हा त्या सुरात शिरण्यातच निम्मी बैठक खर्ची पडते. याउलट टिपणे काढणे, संदर्भ तपासणे, छापील पानांवर दुरुस्त्या करणे किंवा संपादकांना पत्र लिहिणे ही कामे मुले शेजारी खेळत असतानाही होतात. शिणलेल्या रात्री ती करावीत आणि आठवड्यातील एकच ताजी बैठक, दोन तासांची का होईना, केवळ खर्ड्यासाठी ठेवावी.

प्रतिसाद ३
वरील सूचनेत एक भर घालते. ती बैठक कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत आणि त्या वेळेत मुलांकडे कोण पाहणार, हे घरात आधीच ठरवून घ्यावे. संपण्याची वेळ ठाऊक असली की घरचे सहसा अडवत नाहीत. मात्र ती वेळ आपणही पाळावी लागते. मानधनाचे म्हणाल, तर कादंबरी पूर्ण होण्यापूर्वी ते बहुतेक कोणालाच मिळत नाही, त्यामुळे वेळ मागण्यासाठी त्याची वाट पाहू नये.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. शनिवारी सकाळचे दोन तास मागून पाहते. दुरुस्त्या रात्रीच करीन.