मदत हवी आहे: अणुसंशोधन केंद्राचं काम दहावीच्या मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,
शाळेच्या विज्ञान मंडळात भाभा अणुसंशोधन केंद्राबद्दल बोलायचं आहे. वीज तारापूरला तयार होते, मग ट्रॉम्बेला काय चालतं, असं मुलांनी आधीच विचारून ठेवलंय.

बरंचसं मला सांगता येईल. वीजकेंद्रं चालवणारं महामंडळ वेगळं, सुरक्षेवर नजर ठेवणारं नियामक मंडळ वेगळं. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या विजेसाठी नाहीतच, त्या न्यूट्रॉनसाठी आहेत: १९५६ची अप्सरा, १९८५ची १०० मेगावॅटची ध्रुव. किरणोत्सर्गाने बियाण्यात बदल घडवून काढलेले भुईमुगाचे वाण आणि कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून लासलगावला उभारलेलं विकिरण केंद्र, हेही घेईन. १९७४ची पोखरणची चाचणीही टाळणार नाही, मुलं विचारतातच.

अडलंय ते पुढेच. ध्रुवमध्ये आयोडीन-१३१ तयार होतं, थायरॉइडच्या कर्करोगावर ते देतात. एक मुलगी म्हणाली, औषधच आहे तर बाहेरून विकत घ्यावं, त्यासाठी स्वतःची अणुभट्टी कशाला? प्रश्न फार चांगला आहे. 'स्वावलंबन' एवढ्यावर तिची बोळवण करायची नाही. आकडे, एखादं घडलेलं उदाहरण सुचवाल का?

प्रतिसाद:
अर्धायुष्यापासून सुरुवात करा. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. मॉलिब्डेनम-९९ तर ६६ तासांतच, म्हणजे आठवड्याने जेमतेम सहावा हिस्सा उरतो. त्यापासून मिळणारं टेक्नेशियम-९९एम हाडांच्या आणि हृदयाच्या स्कॅनसाठी जगभर वापरतात, त्याचं अर्धायुष्य सहाच तास. असा माल गोदामात भरून ठेवता येत नाही, तो सतत तयार करत राहावा लागतो.

उदाहरण २००९चं घ्या. कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे मे महिन्यात बंद झाली ती थेट ऑगस्ट २०१०ला सुरू झाली. मधल्या काळात नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. मॉलिब्डेनमचा जगाचा मोठा पुरवठा या दोघींवर होता, त्यामुळे कितीतरी देशांत रुग्णांचे स्कॅन पुढे ढकलावे लागले. आपण आयात करतच नाही असं मात्र सांगू नका, ते खरं नाही. मुद्दा एवढाच की बाहेरची भट्टी थांबली तर हाताशी आपली हवी.

भाषणापेक्षा मुलांनाच गणित करू द्या. फळ्यावर १०० लिहा, दर ६६ तासांनी निम्मं करायला लावा आणि विमान दोन दिवस उशिरा आलं तर रुग्णासाठी किती उरेल ते त्या मुलीलाच काढायला सांगा.