पहाटे तीनला स्मोक डिटेक्टर ‘टुक’ करतो, दिवसा मात्र गप्प!

गंगापूररोडकर: मंडळी, चिरंजीवांनी पॅसेजमध्ये स्मोक डिटेक्टर बसवलाय. चालतो घरच्या लाइटवर, बॅकअपला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. नाशकात थंडी पडली आणि चार दिवस झाले, पहाटे तीनला दर मिनिटाला ‘टुक’. ऊन आलं की साळसूद. सौ. म्हणते पाल आहे. स्टुलावर चढून झालं, पाल नाही. लाइट असताना बॅटरीचं काय नडतं?

सिडकोकर: काका, बॅटरी उतरलीय. गारठ्यात तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज पडतं. पहाटे ते मर्यादेखाली जातं, घर तापलं की पुन्हा वर. लाइट असली तरी यंत्र बॅकअप तपासत राहतं. नवी अल्कलाइन टाका.

गंगापूररोडकर: खरं सांगतो, मल्टिमीटरमधली जुनी काढून घातली होती. रिचार्जेबल चालेल?

इंदिरानगरची ताई: नको हो. त्या बऱ्याचदा ८.४ व्होल्टच्याच असतात, नुसत्या पडूनही उतरतात. बॅटरी बदलल्यावर टेस्टचं बटण दाबा आणि मेन स्विच बंद करून पुन्हा दाबा. बॅकअप चालतो का ते तेव्हाच कळतं. मागची तारीखही बघा. १० वर्षं झाली असतील तर अख्खं यंत्रच बदला. आमचा ठेच्याच्या खाटानेही ओरडायचा, म्हणून स्वयंपाकघरापासून लांब नेला. बॅटरी मात्र काढली नाही.

गंगापूररोडकर: उतरवून पाहिला. मागे २०१३ छापलंय! चिरंजीव उठले की विचारतो, हा ‘सेल’ नेमका कुठला होता.