मदत हवी आहे: मालदीवमध्ये स्कूबा, माफुशी की धिगुरा?

रायबंदरकर
आम्ही चौघे मालदीवला स्कूबा करायला जातोय. रिसॉर्टचे भाव बघून घाम फुटला, म्हणून वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस घ्यायचं ठरवलंय. एजंटने दोन पर्याय दिलेत, माफुशी आणि धिगुरा. कुठलं घेऊ? शुक्रवारच्या आत पैसे भरायचे आहेत. कृपा करून "गूगल कर" सांगू नका, ते करूनच डोकं फिरलंय.

दर्यादेगेर
महिना कुठला? चौघांत कार्ड कुणाकडे आहे? पोहता येतं का? हे कळल्याशिवाय बेटाचं नाव काय सांगणार.

मालवणी_मसाला
मालदीव कशाला? पत्रादेवीचा नाका (गोव्याची हद्द) ओलांडा आणि तारकर्लीला जा. एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे तिथे, शिकवण्यासाठी मुद्दाम खोल तलाव बांधलाय. मालवणात किल्ल्याजवळ समुद्रात उतरवतात. पासपोर्ट नको, डॉलर नको. वर सोलकढी.

फोंड्याची_मैना
आम्ही गेलो तेव्हा हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. सोलकढी मात्र झकास.

मालवणी_मसाला
तुम्ही मेच्या शेवटी गेला असाल. डिसेंबरात जा आणि मग बोला.

रायबंदरकर
तारकर्ली कुणी विचारलीच नव्हती. ऑगस्टमध्ये जातोय. चवथीच्या आधी परत यायचंच आहे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची मांडणी) बांधायला घरात दुसरं कोणी नाही. आणि कार्ड कसलं? स्कूबा आधी केलंय मी, गोव्यातच ग्रँड आयलंडला.

दर्यादेगेर
आता कळलं. ग्रँड आयलंडला काय झालं असेल ते मी सांगतो. बोटीवर पाच-दहा मिनिटं खुणा शिकवल्या. पाण्यात इन्स्ट्रक्टरने मागून टाकीची मान धरली, जॅकेटात हवा भरणं-सोडणं त्यानेच केलं. तुम्ही खूश होऊन कॅमेऱ्याला अंगठा दाखवलात. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ "वर चला", म्हणून त्याने डोळे मोठे करून विचारलं असेल, खरंच वर जायचं का?

त्याला चाचणी डायव्ह म्हणतात, फार तर १२ मीटर. मजा येते, पण तेवढ्यावर मालदीवचा कुठलाही शहाणा सेंटरवाला तुम्हांला चांगल्या जागी नेणार नाही. कार्ड म्हणजे डायव्हिंगचा कोर्स केल्याचा दाखला. ओपन वॉटरचं (पहिल्या कोर्सचं) कार्ड असेल तर १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्ड असेल तर ३० मीटर. मालदीवात ३० च्या खाली जायला हौशी डायव्हरला कायद्यानेच बंदी आहे.

ऑगस्टबद्दल. तो त्यांचा नैऋत्य पाऊस. आपल्यासारखा सलग कोसळत नाही, पण समुद्र उसळलेला असतो. पाण्यात प्लँक्टन (तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं म्हणून दिसायला थोडं कमी, पण त्याच प्लँक्टनवर मांटा (पंखांसारखे पर असलेले मोठे मासे) येतात. माफुशी राजधानी मालेपासून जवळ, स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत, दुकानं-हॉटेलं भरपूर, गर्दीही तशीच. धिगुरा दक्षिण अरी भागात, बोटीने दोन तास धरा. तिकडे देवमुशी (व्हेल शार्क) वर्षभर दिसतात आणि त्या बघायला स्कूबा लागत नाही, वरून स्नॉर्केलने (तोंडात श्वासाची नळी धरून) पोहायचं. तुमच्यासाठी मी धिगुरा म्हणेन. ज्याला बोट लागते त्याने गोळी घ्यावी.

बागा_ते_बाली
शिकाऊ माणसाला मालदीव? तिथल्या खाड्यांत प्रवाह असा असतो की खडकाला आकडा अडकवून लटकावं लागतं. बालीला जा. ऑगस्ट म्हणजे तिथे कोरडा हंगाम. तुलांबेनला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, थोड्या अंतरावर अख्खं जहाज पडलंय. लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज, १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, किनाऱ्याला ओढून ठेवलं होतं, १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. नवशिक्यालासुद्धा त्याचा वरचा भाग बघता येतो. फक्त किनाऱ्यावर गोटे आहेत, टाकी पाठीवर घेऊन चालताना पाय मुरगळतो.

दर्यादेगेर
आकडा लावून लटकायला नवशिक्याला कोण नेतं? बेटाजवळचा रीफ (प्रवाळाचा खडक) असतो, लगून (आतलं शांत उथळ पाणी) असतं, शिकवणं तिथेच चालतं. बाली छानच, पण ते मालदीवचे पैसे भरायला बसलेत.

बागा_ते_बाली
भरले नाहीत अजून, म्हणून तर सांगतोय.

ब्राह्ममुहूर्त
जिथे जाल तिथे जा, पण आतापासून रोज पहाटे प्राणायाम सुरू करा. कुंभक वाढवा. श्वास जितका रोखता येईल तितकी टाकी जास्त पुरते.

दर्यादेगेर
हे वाचून कुणी तसं करू नका. टाकी घेऊन डायव्ह करताना श्वास कधीच रोखायचा नसतो, पहिला नियम आहे तो. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेऊन श्वास अडवून वर आलात तर ती हवा फुगून दुप्पट होणार, आणि फुप्फुस काही फुगा नव्हे. संथ, सलग श्वास चालू ठेवायचा. कुंभक घरी पाटावर करा.

ब्राह्ममुहूर्त
आपल्या ऋषीमुनींना हे शिकवायला नको.

फोंड्याची_मैना
ऋषीमुनी टाकी घेऊन उतरत नव्हते काका.

पर्वरीचा_पाहुणा
विषय निघालाच आहे म्हणून, मालदीवात बाटली नेता येते का? आणि मित्रासाठी चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज)?

बागा_ते_बाली
दोन्ही नाही. बाटली विमानतळावर ठेवून घेतात, पावती देतात, जाताना परत. डुकराचं मांसही चालत नाही. व्हेप (ई-सिगारेट) सुद्धा नेऊ नका, २०२४ च्या नोव्हेंबरपासून बंद. वस्तीच्या बेटावर दारू मिळतच नाही, प्यायची तर रिसॉर्टात किंवा किनाऱ्यापासून लांब उभ्या असलेल्या बोटीवर. बालीत बिअर दुकानात मिळते, हे आपलं सहज सांगतो.

रायबंदरकर
दारूचं मी विचारलंय का? बरं, दर्यादेगेर, धिगुरा धरतो. बायकोही उतरणार आहे. तिच्या कानाचं ऑपरेशन झालं होतं, पण ते कॉलेजात असताना, आता काही त्रास नाही. मुलगा चौथीत आहे, पोहतो छान. एजंटच्या कार्यक्रमात रोज सकाळी डायव्ह, शेवटच्या दिवशीही सकाळी, आणि दुपारी मालेहून मुंबईचं विमान.

नाक_कान_घसा
थांबा. कुठलं ऑपरेशन? नळी घातली होती, पडदा शिवला होता, की मास्टॉइड (कानामागचं हाड) कोरलं होतं? तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. मास्टॉइडच्या काही ऑपरेशनांनंतर डायव्हिंग कायमचं बंद. जुनी फाईल शोधा. कोर्सच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात कानाच्या ऑपरेशनचा प्रश्न असतोच. "हो" लिहिलं की डॉक्टरची सही लागते, आणि ती मालदीवात ऐनवेळी मिळवणं कटकटीचं. "नाही" म्हणून खोटं लिहू नका. कानावर दाबातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, त्यामुळे "आम्ही खोल जाणार नाही" याला अर्थ नाही. इथेच तपासून घ्या, नाक दाबून फुंकल्यावर दोन्ही कान सुटतात का ते बघतील. सर्दी असेल त्या दिवशी कुणीच उतरू नका. गोळी घेऊन उतरलात आणि गोळीचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना कान अडकतो.

दर्यादेगेर
आणि ते शेवटचं विमान! एजंट समुद्रात उतरलेला दिसत नाही. रोज डायव्ह करणार असाल तर शेवटची डायव्ह आणि विमान यांत निदान १८ तास हवेत, एकच डायव्ह असेल तर १२. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात दाब कमी असतो. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. प्रवास विम्यात स्कूबा बसतं का तेही वाचा, बऱ्याच पॉलिसींत बारीक अक्षरात वगळलेलं असतं.

मुलगा दहाचा झालाय का? ओपन वॉटरला किमान वय १० लागतं. आठ-नऊची मुलं दोन मीटरपर्यंतचा खेळ करू शकतात, त्यापुढे नाही.

रायबंदरकर
मुलगा नऊचा. म्हणजे मग स्कूबा फक्त मी करायचं की काय? एवढे पैसे घालून?

दर्यादेगेर
उलट पैसे वाचवा. थिअरी ऑनलाईन इथेच करा. स्विमिंग पूलमधला भाग गोव्यात करून घ्या, पावसात ग्रँड आयलंडला बोटी जात नाहीत, डायव्ह सेंटरवाले मोकळे असतात. ते रेफरलचा कागद देतात. तो दाखवून धिगुराला फक्त समुद्रातल्या चार डायव्ह करायच्या की कार्ड. नाहीतर तीन-चार दिवसांतला अर्धा वेळ वर्गात बसून व्हिडिओ बघण्यात जाईल. पूलमध्ये २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगायचं. निघायच्या आधी सेंटरला मेल करून रेफरल चालतो का ते लेखी घ्या, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

फोंड्याची_मैना
गेस्टहाऊसचा भाव विचारताना कर धरून विचार रे. लहान गेस्टहाऊसला माणशी रात्रीला ६ डॉलर हरित कर आहे, त्यावर सेवाकर वेगळा. आमच्या बिलात शेवटी तो उगवला आणि नवऱ्याने हॉटेलवाल्याशी मराठीत भांडण केलं.

मालवणी_मसाला
तारकर्लीला हरित कर नाही.

रायबंदरकर
एजंटशी बोललो. आधी म्हणाला सगळे असंच करतात. मग म्हणाला शेवटचा दिवस सँडबँकवर (समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर) काढू, डायव्ह आदल्या सकाळी. पैसे सोमवारपर्यंत भरले तरी चालतील. बायको कान दाखवायला उद्या बांबोळीच्या हॉस्पिटलात जातेय. नाही जमलं तर ती आणि मुलगा देवमुशी बघतील. अजून एक, चष्मा आहे, त्याचं काय करायचं?

बागा_ते_बाली
नंबरच्या काचेचा मास्क मिळतो, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा नंबर बसवता येतो. सॉफ्ट लेन्स घालूनही चालतं, पण मास्क काढायचा सराव असतो तेव्हा डोळे मिटून घ्या, नाहीतर लेन्स समुद्राला अर्पण. मिशी असेल तर नाकाखालची थोडी कातरा, तिथूनच पाणी झिरपतं.

रायबंदरकर
मिशी मला नाही, बाबांना आहे. कातरायला ते तयार होतील असं वाटत नाही.

नाक_कान_घसा
बाबाही उतरणार आहेत? वय काय, आणि बीपीची गोळी कुठली चालू आहे?